तुटू शकणाऱ्या प्रेमाचं गाणं



अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून आमच्या मुलींच्या गटाची बैठकही शुक्रवारीच भरते. वेळ चारची ठरलेली असली तरी कपडे धुणं, पाणी भरणं, धाकट्यांच्या डोक्याला तेल लावणं हे सगळं उरकून मुली येईपर्यंत पाच वाजतात. बहुतेकजणी अठरा ते पंचवीसच्या. कुणी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे, कुणी इंजिनियरिंगच्या छोट्या युनिटमध्ये, सगळ्या ठेकेदाराकडे. त्या दिवशी विषय होता पगाराची पावती. ती मागायची कशी, नाही दिली तर काय करायचं, याचा कागद मी तयार करून नेला होता.

तो कागद पिशवीतच राहिला. एका मुलीने मोबाइलवर एक गाणं लावलं. गिटारचे चार सूर पुन्हा पुन्हा येत होते आणि एक खोल, जवळजवळ पुरुषी वाटावा असा बाईचा आवाज. शब्द इंग्रजी. मुलगी म्हणाली, "ताई, हिला बघितल्यावर रडू येतं, पण काय म्हणते ते कळत नाही. सांगा ना."

गाणं होतं ट्रेसी चॅपमनचं 'फास्ट कार'. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कारांच्या सोहळ्यात ती कितीतरी वर्षांनी व्यासपीठावर आली आणि हे गाणं गायली. त्याची चित्रफीत जगभर फिरत फिरत आनंदनगरच्या एका पत्र्याच्या खोलीपर्यंत पोचली होती. सोबत गाणारा तरुण गोरा गायक ल्यूक कोम्ब्स. त्याने २०२३ मध्ये हे गाणं नव्याने गायलं, आणि अमेरिकेतल्या 'कंट्री' संगीताच्या मोठ्या संस्थेचा वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार त्या गाण्याची कवयित्री म्हणून ट्रेसीला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. गाणं लिहून तेव्हा पस्तीसेक वर्षं झाली होती.

मी मुलींना गोष्ट सांगितली, कारण हे गाणं म्हणजे गोष्टच आहे. एक मुलगी आहे. बाप दारू पितो. आई कंटाळून निघून गेलेली. बापाचं करायला कुणीतरी हवं म्हणून हिने शाळा सोडली. दुकानात काम करते, थोडे पैसे साठवलेत. तिच्या मित्राकडे वेगाने पळणारी एक गाडी आहे. दोघं गाव सोडून शहरात जातात. ती मार्केटमध्ये गल्ल्यावर बसते, त्याला काम नाही, पण आज ना उद्या मिळेल, मग चांगलं घर घेऊ असं ती म्हणत राहते. पुढे तिला बरी नोकरी लागते, घर तिच्या पगारावर चालतं, मुलं होतात. आणि तो? तो रात्री उशिरापर्यंत गुत्त्यावर. मुलांपेक्षा मित्रांना जास्त भेटणारा. ज्या बापाला सोडून ती निघाली होती, तोच बाप तिच्या घरात पुन्हा येऊन बसलेला. शेवटी ती त्याला सांगते की, तुझी गाडी घे आणि जा. पण मधूनमधून तिला एक रात्र आठवत राहते. गाडी भरधाव चाललीये, शहराचे दिवे समोर पसरलेत, त्याचा हात खांद्यावर आहे, आणि आपणही कुणीतरी आहोत असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय.

खोलीत कुणी बोलेना. मग एकजण म्हणाली, "गाडी म्हणजे आपली बाईक." सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "माझ्या वहिनीचं असंच झालं." तिसरी म्हणाली, "वहिनीचं कशाला, माझ्या आईचं." आणि जिने गाणं लावलं होतं ती बऱ्याच वेळाने म्हणाली, "पण ताई, ती रात्र खोटी नव्हती ना?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तो घेऊनच हे संवादकीय लिहिते आहे.

ट्रेसी चॅपमनची ही पहिलीच ध्वनिमुद्रिका. एप्रिल १९८८ मध्ये आली, नावही तिचंच. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत एकट्या आईने तिला वाढवलं. शिष्यवृत्तीच्या जोरावर ती शिकली, मानववंशशास्त्राची पदवी घेतली, आणि शिकताना बॉस्टनच्या रस्त्यांवर गिटार घेऊन गायची. एक गिटार, साधा ताल, लोकगीतासारखी सांगण्याची रीत आणि रॉक संगीताचा थोडा जोर. तिकडे याला 'फोक-रॉक' म्हणतात. आपल्या शाहिराला ही रीत अनोळखी वाटू नये. ११ जून १९८८ रोजी लंडनला वेम्बले स्टेडियमवर नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा कार्यक्रम होता. मंडेला तुरुंगातच होते. दुपारी ट्रेसीचं गाऊन झालं होतं. संध्याकाळी स्टीव्ही वंडर या मोठ्या गायकाच्या वाद्याचा आवश्यक भाग ऐन वेळी सापडेना, म्हणून वेळ भरायला या नवख्या मुलीला पुन्हा पाठवलं. ती एकटी गिटार घेऊन उभी राहिली, 'फास्ट कार' गायली, आणि दुसऱ्या दिवशी जग तिला ओळखत होतं. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मानवी हक्कांच्या दौऱ्यात ती दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्येही गायली. आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांपैकी कुणी त्या मैदानात असेल तर जरूर लिहावं.

त्या मुद्रिकेत अकरा गाणी आहेत. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की त्यात 'बिहाइंड द वॉल' नावाचं एक गाणं आहे, वाद्यांशिवाय नुसत्या आवाजात गायलेलं. भिंतीपलीकडे एक बाई मार खाते आहे, शेजारीण जागी आहे. पोलीस आलेच तर उशिरा येतात, आणि नवराबायकोच्या भांडणात आपण काही करू शकत नाही असं सांगतात. हे ऐकताना वाटतं की कुणी आपल्याच वस्तीत राहून लिहिलंय. चाळीतली भिंत चार इंचांची. पलीकडची बादली कुठे ठेवली तेही ऐकू येतं. अशी भिंत मध्ये असलेल्या प्रत्येक बाईला हे गाणं आधीच पाठ आहे, फक्त चाल माहीत नाही. आणि या गाण्यानंतर लगेच, त्याच मुद्रिकेत, 'बेबी कॅन आय होल्ड यू' येतं. तीन साधे शब्द आहेत: चुकलं, माफ कर, तुझ्यावर प्रेम आहे. ते वेळेवर तोंडातून बाहेर न पडल्याने वर्षं वाया कशी गेली, याचं ते हळवं गाणं. मार खाणारी बाई आणि प्रेमाचा शब्द ऐकायला आसुसलेली बाई एकामागोमाग उभ्या. ती मुलगी दोघींना वेगळं ठेवत नाही.

आपण ठेवलं. आपल्या कार्यालयात हिंसाचाराची फाइल वेगळी असते. प्रेमाची फाइलच नसते.

हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. चळवळीने गाणी दिली ती भरभरून दिली. स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' १९८३ साली आलं, आणि त्यातल्या गाण्यांवर वाढलेल्या बायका मी आजही शिबिरांत भेटते. हुंड्यावर, दारूवर, मारझोडीवर, मुलीच्या जन्मावर आपण गाणी केली, कारण ते विषय कुणी बोलतच नव्हतं. एका ज्येष्ठ कार्यकर्तीला मी विचारलं, की मावशी, आपल्या पुस्तिकेत प्रेमाचं एकही गाणं का नाही? त्या म्हणाल्या, "प्रेमाची गाणी सिनेमावाले लिहीत होतेच की. जे कुणी लिहीत नव्हतं ते आम्ही लिहिलं." उत्तर अगदी बरोबर आहे. अडचण एवढीच, की त्यामुळे प्रेमाचा विषय सिनेमावाल्यांकडेच राहिला.

त्याआधी तो कुणाकडे होता? लावणीत बाईचा विरह आहे, शृंगार आहे, रुसवा आहे, आणि तो गाणारी, नाचणारी बाई आहे. पण रामजोशी, होनाजी, प्रभाकर, परशराम हे लिहिणारे सारे पुरुष. बाईच्या तोंडी पुरुषाने घातलेली तहान. अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना' मला अतिशय प्रिय आहे. मुंबईत पोटासाठी आलेल्या गड्याची गावी राहिलेल्या बायकोसाठी होणारी तगमग आणि संयुक्त महाराष्ट्राची हाक एकाच छक्कडमध्ये गुंफणं हे अण्णाभाऊच करू जाणोत. तरी एखाद्या दिवशी वाटतं, गावी राहिलेली मैना त्या वेळी काय म्हणत होती?

ती जात्यावर म्हणत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सहकाऱ्यांसोबत खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने येत आहेत, मूळ आवाजांसकट. ज्या गटांनी अजून ऐकल्या नसतील त्यांनी एक बैठक त्यासाठी ठेवावी. त्यांत आई आहे, माहेर आहे, भाऊ तर ओवीओवीत आहे. वनात टाकलेली सीता पुन्हा पुन्हा येते. नवराही येतो, पण जरा आडून, कपाळाच्या कुंकवातून, रुसव्यातून, त्याच्या रागाच्या सांगण्यातून. पहाटे अंधारात, घर झोपलेलं असताना, जात्याच्या घरघरीखाली बाईने मनातलं बोलून घेतलं. सीतेच्या निमित्ताने तिने नवऱ्याला जे सुनावलं तसं आम्ही मोर्चात सरकारलाही सुनावलं नाही. पिठाच्या गिरण्या आल्या, कमरेचं दुखणं वाचलं, ते चांगलंच झालं. पण बोलायची जागाही गेली. आज आनंदनगरची मुलगी पहाटे उठते ती पहिल्या शिफ्टसाठी, आणि कानात हेडफोन घालून दुसऱ्याची गाणी ऐकत जाते.

दुसऱ्याची गाणी काय सांगतात? की खरं प्रेम एकदाच होतं, ते अमर असतं, आणि पोरगी नाही म्हणाली तर ती अजून हो म्हणालेली नाही एवढाच त्याचा अर्थ.

उल्हासनगर आमच्या पुढचंच स्टेशन. मार्च १९९० मध्ये तिथल्या दहावीच्या परीक्षा केंद्रात रिंकू पाटील ही मुलगी पेपर लिहीत असताना हरेश पटेल नावाचा तरुण साथीदारांसह शस्त्रं आणि पेट्रोल घेऊन आत शिरला. इतर मुलांसमोर, वर्गातच तिला जाळलं. तिने त्याला नकार दिला होता. त्या वर्षी मी पाळण्यात होते, मला हे आठवण्याचा प्रश्नच नाही. मी ते पहिल्यांदा नीट ऐकलं ते एम.एस.डब्ल्यू. करताना. पण त्या शुक्रवारी मी गटात नाव घेतलं तेव्हा एकाही मुलीला ते माहीत नव्हतं. एका स्टेशनाच्या अंतरावर घडलेलं, त्यांच्या आयांच्या तरुणपणी. एक आई बाहेर पायरीवर तांदूळ निवडत बसली होती, ती मात्र आतल्या बाजूला वळली आणि म्हणाली, "त्या साली आम्हाला परीक्षेला सोडायला घरचे यायला लागले. पुढच्या साली शाळाच बंद केली माझी." वर्गात जळाली एक मुलगी. शाळा किती जणींची सुटली याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

तेव्हापासून एक शब्द वर्तमानपत्रांत रुजला: 'एकतर्फी प्रेम'. १९९८ मध्ये सांगलीत अमृता देशपांडेला भर रस्त्यात मारलं, तेव्हाही तोच. २०१३ मध्ये वांद्रे टर्मिनसवर प्रीती राठीवर ॲसिड टाकलं गेलं. नौदलाच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू व्हायला ती मुंबईत उतरली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला रस्त्यावर पेटवलं गेलं आणि आठवड्याभराने ती गेली. दर वेळी बातमीत 'एकतर्फी प्रेमातून'. या 'तून'ला माझी हरकत आहे. प्रेमातून पेट्रोल येत नाही. मालकीतून येतं. चोरी झाली तर आपण 'एकतर्फी व्यवहारातून' असं म्हणतो का? रिंकू पाटील गेल्यानंतर तीन वर्षांनी, १९९३ मध्ये, 'डर' आला. मुलीचा पाठलाग करणाऱ्या, तिचं जगणं नकोसं करणाऱ्या त्या तरुणासाठीच प्रेक्षागृह हळहळलं. २०१९ च्या 'कबीर सिंग'पर्यंत हे चालूच आहे.

कायदा इथवर आला आहे, हे सांगायला हवं. २०१३ च्या दुरुस्तीने पाठलाग करणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे: पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पण जामीनपात्र, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. फोनवरून, इंटरनेटवरून पाळत ठेवणंही त्यात येतं. कार्यकर्त्यांनी हे कलम तोंडपाठ ठेवावं, कारण ठाण्यात "आपसात मिटवा" ऐकायला मिळतं तेव्हा कलमाचा आकडा बोलल्याने समोरचा माणूस खुर्चीत थोडा सरळ बसतो. पण पहिली तक्रार ठाण्यात होत नाही, घरात होते. आणि घरात पहिला प्रश्न असतो, "तू आधी त्याच्याशी बोलत होतीस का?" बोलत असेल तर संपलं. जणू एकदा हो म्हटलं की बाईने कायमचा अंगठा उठवला.

इथे मला माझी गोष्ट सांगायला हवी, तीही फारशी शोभेची नाही.

प्रेम बाहेरून तोडलं जातं, याच्याशी आपण लढत आलो. २०१४ मध्ये खर्ड्याच्या नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाला वरच्या जातीतल्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारलं गेलं, आणि २०१७ मध्ये खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. 'सैराट' २०१६ चा. तो पाहताना बाहेरच्यांना जे शेवटी कळलं ते कार्यकर्त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न करू पाहणारी जोडी आली की आपण जीव टाकतो. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लागते. ते तीस दिवस मुलीला कुठे ठेवायचं, कोण साक्षीला येईल, पोलिसांकडे संरक्षणाचा अर्ज कसा द्यायचा, हे आम्हाला पाठ झालं आहे. २०१८ च्या शक्ती वाहिनी खटल्यातल्या निकालाची प्रत मी पिशवीत घेऊनच फिरते.

अशीच एक जोडी होती. मुलगी बौद्ध, मुलगा दुसऱ्या जातीचा. दोघं बदलापूरच्या बाजूचे. दोन्ही घरांचा विरोध. महिनाभर ती माझ्याच एका सहकारी बाईंच्या घरी राहिली. लग्न झालं, शासनाचं आंतरजातीय विवाहाचं अर्थसाहाय्यही मिळालं. दोघांचा हार घातलेला फोटो आम्ही कार्यालयात लावला. नवी जोडपी आली की त्या फोटोकडे बोट दाखवायचो. भाषणांत उदाहरण द्यायचो, मी तर फार वेळा दिलं.

तीनेक वर्षांनी मला बाजारात तिची बहीण भेटली. ती म्हणाली, ताई, ती तर आठ महिने झाले वेगळी राहते. त्याने हात उचलला नव्हता, सोडलीही नव्हती. दोघांचं जुळेनासं झालं होतं, तो घरात बोलायचा बंद झाला होता, ती एकटी पडली होती. माहेर तुटलेलं. मी तिच्याकडे गेले आणि विचारलं, अगं, आमच्याकडे का नाही आलीस? ती म्हणाली, "तुमच्या भिंतीवर आमचा फोटो आहे. मी कुठल्या तोंडाने येऊ?"

मला वाटतं, गेल्या पाच-सहा वर्षांत माझ्या कामाबद्दल मला कुणी इतकं खरं बोललं नसेल. नातेवाईक तिला म्हणत होते, आम्ही सांगितलं होतं. आणि आम्ही, न बोलता, तिला सांगत होतो की तू जिंकून दाखवायचंस. तिच्या प्रेमावर तिच्या घराण्याच्या अब्रूचं ओझं होतं ते आम्ही उतरवलं, आणि चळवळीच्या अब्रूचं चढवलं. ठरवून केलेली लग्नं रोज मोडतात, त्यावरून कुणी ठरवून लग्न करण्याची पद्धत चुकीची म्हणत नाही. प्रेमविवाहाला मात्र एकदाही मोडण्याची सवलत नाही. जातीबाहेरच्याला तर नाहीच नाही.

त्या मुलीने 'फास्ट कार' ऐकलेलं नव्हतं. पण 'ती रात्र खोटी नव्हती ना' हा तिचाही प्रश्न होता. तिला उत्तर हवं होतं ते असं, की नव्हती. तू त्याच्यासाठी घर सोडलंस ते खरं होतं, आता त्याच्याबरोबर राहवत नाही तेही खरं आहे, आणि दोन्हीसाठी आम्ही तुझ्या बाजूला आहोत. हे उत्तर समुपदेशनाच्या कुठल्याही पुस्तकात मला मिळालं नव्हतं. काही गाण्यांत मात्र ते असतं. चांगलं प्रेमगीत प्रेम टिकण्याची हमी देत नाही. ते नाजूक आहे, हातातून निसटू शकतं, कुणी वाईट नसतानाही संपू शकतं, हे ते मान्य करतं. आणि ज्याला हे मान्य आहे त्याला समोरच्याचा नकार ऐकता येतो. अमर प्रेमाची गाणी पाठ असलेल्या मुलाला तो ऐकूच येत नाही.

म्हणून मुलग्यांशीही बोलायला हवं. हे नव्याने सुचलेलं नाही. 'मावा' ही पुरुषांची संघटना १९९३ पासून हेच काम करते आहे, त्यांचा 'पुरुषस्पंदनं' हा दिवाळी अंक अनेक गटांत वाचला जातो. आम्ही मुलग्यांच्या गटात विचारलं, की मुलगी नाही म्हणाली तर काय करता? सगळ्यांची उत्तरं शहाणी होती, पाठ केल्यासारखी. मग विचारलं, नाही म्हणाल्यावर रडला आहात का कधी? खोलीभर शांतता. मग एक मुलगा म्हणाला, "रडायला जागा कुठंय ताई? मित्र म्हणतात, उचल तिला." या एका वाक्यात मला बरंच काही सापडलं. दुःखाला गाणं नसेल तर ते कुठे जातं, याचा हा एक रस्ता. मुलांच्या अश्रूंची काळजी हे स्त्री चळवळीचं काम आहे का, असं मला एका मैत्रिणीने खोचकपणे विचारलं. तिचा राग मला कळतो. आमच्याकडे मुलींसाठीच माणसं पुरत नाहीत. तरी मी तो गट चालू ठेवला आहे.

त्या शुक्रवारनंतर मुलींनी ठरवलं, आपण आपलं गाणं करायचं. गिटार नव्हती, ढोलकी होती. एकीच्या भावाकडून हलगी आली. पहिलं कडवं झटकन झालं: कंपनीचं गेट, शिफ्ट सुटण्याची वेळ, बाईक. दुसऱ्यात लग्न, भाड्याची खोली, ठेकेदार, आटत गेलेलं बोलणं. दोन्ही कडव्यांना चाल जात्यावरच्या ओवीची, कारण एकीच्या आजीला तीच येत होती, आणि ढोलकीवर ती चांगली धावली. भांडण झालं तिसऱ्या कडव्यावरून. काहींचं म्हणणं, तिने त्याला हाकलून द्यावं, म्हणजे ऐकणाऱ्या बायकांना जोर येईल. काही म्हणाल्या, तो सुधारावा. आजीने सुचवलं, तिने मुलांकडे बघून गप्प राहावं, कारण तसंच होतं. त्यावर सगळ्या तुटून पडल्या. मी तोंड उघडणार होते. मनात शेवट तयारही होता, चांगला बाणेदार, आठ मार्चला शोभेल असा. नशिबाने तेवढ्यात पाण्याची वेळ झाली आणि मुली हंडे घेऊन पळाल्या.

पुढच्या बैठकीला मी फोटोतल्या मुलीला बोलावलं. ती आली, मागे बसली. दोन्ही कडवी तिने ऐकली. तिसरं काय करावं असं मुलींनी तिला विचारलं, तिची गोष्ट माहीत नसताना. ती म्हणाली, तिसऱ्यात पुन्हा गेटवरची ती संध्याकाळ येऊ दे, जशी होती तशी, आणि मग ती एकटी ट्रेनमध्ये बसलेली दाखवा. ती कुठे चालली आहे हे सांगू नका. मुलींना हे फारसं पटलेलं नाही. चर्चा चालू आहे.

भिंतीवरचा फोटो मी तिला विचारून उतरवला. तिने तो घरी नेला.

आपापल्या गटांत बायकांनी, मुलींनी रचलेली प्रेमाची गाणी असतील, ओव्या असतील, अर्धवट कडवी असतील, तर जशी आहेत तशी आमच्याकडे पाठवा. शुद्धलेखनाची काळजी करू नका. चाल कुठली ते एका ओळीत लिहा. रचणारीला नाव द्यायचं नसेल तर देऊ नका, पण तिची परवानगी घ्या. मुलग्यांनी रचलेली असली तरी चालतील. पुढच्या अंकात चार पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत. आनंदनगरच्या मुलींचं तिसरं कडवं तोवर ठरलं, तर तेही त्यात असेल.